सुई खाली आली तेव्हा

जानेवारी २००४ मध्ये, संक्रांतीच्या आदल्या रविवारी, मी माझ्या टाटा ४०७ चा पंखा काढला. चार बोल्ट खोलायचे होते. पंखा पुसला, गंज चढू नये म्हणून त्याला तेलाचा हात दिला, पोत्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. त्याच्या जागी मी भंगारातले विजेचे दोन पंखे घरीच बसवले. पुढे तीन महिन्यांनी धार जिल्ह्यातल्या घाटात माझ्या ड्रायव्हरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. या दोन दिवसांच्या मधे मी काय काय केलं, ते सांगतो.

आमचं घर देवासचं, धाकट्या पातीतलं. पवारांच्या दोन भावांत देवास वाटलं गेलं, एका गावात दोन संस्थानं झाली, आणि संस्थानं विलीन झाल्यावरही जुन्या मराठी घरांत थोरली पाती, धाकटी पाती हे शब्द राहिले. आमचे पूर्वज कारकुनी करत. मी मात्र हातात पाना घेतला. गावातल्या गिअरच्या कारखान्यात मी बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली. दात्याची जाडी मायक्रोमीटरनं मोजायची, केसाइतका फरक दिसला तरी तुकडा परत पाठवायचा. २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली, हातात आलेल्या पैशांत थोडं कर्ज मिळवून जुनी ४०७ घेतली. ड्रायव्हर सोनकच्छकडचा होता, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. तो गाडी चालवायचा आणि मी भाडी बघायचो. लांबचा फेरा असला की मीही शेजारी बसायचो.

पंख्याचं खूळ डोक्यात आलं ते इंदूरला देवास नाक्यावर. तिथे ट्रकवाल्यांच्या गप्पांत एकजण म्हणाला, इंजिनाचा पंखा फुकट डिझेल खातो. मी घरी येऊन पुस्तकं काढली. त्याचं म्हणणं खरं होतं. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याला लागणारी ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट लागते. रस्त्यावर गाडी साठच्या वेगानं पळत असते तेव्हा समोरून वारा आयता मिळत असतो, रेडिएटरला पंख्याची गरज नसते, तरी पंखा इंजिनाला जुंपलेला असतो आणि फिरतच राहतो. हे वाचलं आणि मला वाटलं, मला सगळं समजलं. समजलं होतं ते अर्धंच. पंख्याची गरज कधी नसते ते मी वाचलं होतं. ती कधी असते आणि किती असते, हे मी त्या रात्री शोधलंच नाही.

त्यानंतर मी जो हिशेब केला तो आजही मला पाठ आहे. ४०७ चं इंजिन पंचाहत्तर अश्वशक्तीचं. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, सदतीस अश्वशक्तीचं, आणि तिला विजेचा एक पंखा पुरतो. म्हणजे मारुतीचे दोन पंखे लावले की सदतीस दुणे चौऱ्याहत्तर. वहीत हे लिहून मी खाली दोन रेघा मारल्या. मारुतीत चार माणसं बसतात, ती आपली सगळी ताकद सलग अर्धा तास कधी लावत नाही आणि लावली तरी तेव्हा ती शंभरच्या वेगानं वारा कापत असते. माल भरलेली ४०७ आपली सगळी ताकद लावते ती घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस सायकल चालवतो त्या वेगानं. पुढची प्रत्येक चूक या बेरजेवर उभी राहिली.

इंदूरच्या लोहामंडीतून भंगारातले दोन पंखे आणले, अँगलची चौकट वेल्ड केली. पाण्याच्या पंपाचा पट्टा जागेवर ठेवावाच लागतो, त्यामुळे रेडिएटरच्या मागे पुली आणि जाळी यांच्यामध्ये मोटरी बसवायला जागा नव्हती. मी त्या पुढे बसवल्या. मारुतीचा पंखा हवा ओढणारा असतो, मला ढकलणारा हवा होता. मी वायरी उलट्या केल्या. पंखे उलटे फिरू लागले, हवाही मागे जाऊ लागली. पण पात्यांचा बाक एकाच दिशेला काम करण्यासाठी घडवलेला असतो. उलट फिरवलं की पातं हवा फेकतं खरं, पण पुष्कळ कमी. गिअरच्या दात्याचा बाक बावीस वर्षं मोजलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. पात्याच्या बाकाकडे मी तशा नजरेनं बघितलंच नाही.

जुन्या पंख्याभोवतीचं गोल कडं, ज्याला श्राउड म्हणतात, तेही काढून टाकलं. चौकटीच्या आड येत होतं. पंख्याची हवा रेडिएटरच्या चारही कोपऱ्यांतून यावी म्हणून ते असतं. वायर घरच्या फिटिंगमधून उरलेली दीड चौरस मिलिमीटरची वापरली. दोन्ही मोटरी एकाच वायरवर आणि अर्थिंग चॅसीच्या गंजलेल्या बोल्टवर. पंखे सुरू करणारा तापमानाचा स्विच इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं तिथल्या तापमानाचा होता. मी तो रेडिएटरच्या खालच्या टाकीला डाग देऊन बसवला, कारण तिथे डाग द्यायला सोपं होतं. खालच्या टाकीत पाणी येतं ते थोडं निवून. त्यामुळे इंजिन तापल्यावर पुष्कळ उशिरा पंखे जागे व्हायचे.

आणि गाडी सुरेख चालली. हे मुद्दाम सांगतो, कारण कुणी असं समजू नये की काम पहिल्याच दिवशी फसलं. जानेवारीत माळव्यात सकाळी हात बाहेर काढवत नाही. देवासहून पिथमपूरला कास्टिंगचा माल घेऊन आम्ही जायचो, सगळा सपाट रस्ता. कित्येक फेऱ्यांत पंखे एकदाही सुरू झाले नाहीत. इंजिनाचा आवाज एवढा खाली आला की केबिनमध्ये हळू बोललेलं ऐकू यायचं. सरासरी लिटरला ८.६ किलोमीटर पडायची ती ९ वर गेली. ते दिवस मी स्वतः गाडीत बसायचो आणि मालक शेजारी असला की ड्रायव्हरचा पाय हलका पडतो, हे मी हिशेबात धरलं नाही. भेटेल त्याला मी गाडीचं बॉनेट उघडून दाखवत होतो.

फेब्रुवारीत धारला आतेभावाकडे गेलो. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा, त्याचं गॅरेज होतं, शिक्षण दहावी. त्यानं बॉनेटखाली वाकून बराच वेळ बघितलं, पुढच्या बाजूनं जाळीत बोट घालून बघितलं.

‘जुना पंखा कुठे आहे?’

‘माळ्यावर.’

‘विकू नकोस.’

‘दादा, लिटरला चारशे मीटर वाढलेत.’

‘थंडीत पंखा नसला तरी गाडी चालते रे. एप्रिलात माल भर, गुजरीहून मानपूर चढून ये, मग मला सांग.’

मला ते लागलं. बावीस वर्षं मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला दहावी शिकलेला मिस्त्री शिकवतो आहे, असं मनात आलं. तसं मी बोललो नाही, पण चहा अर्धा टाकून निघालो. मानपूरचा घाट मुद्दाम चढून बघावा, एवढं साधं काम मी दोन महिन्यांत केलं नाही. आज वाटतं, आत कुठेतरी मला उत्तराची भीती होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिककडे माल टाकला आणि परतीला पिंपळगावहून द्राक्षं मिळाली, इंदूरच्या चोइथराम मंडीसाठी. हंगाम संपत आला होता, भाडं चांगलं होतं. गाडीच्या पासिंगपेक्षा टनभर जास्त माल मी भरू दिला. संध्याकाळी निघालो. धुळं, शिरपूर मागे पडलं, रात्री दोनच्या सुमारास बिजासनचा घाट लागला. घाटात तापमानाची सुई लाल पट्ट्याला जाऊन टेकली. ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. वर सेंधव्याला पोचेपर्यंत ती उतरली आणि मी म्हणालो, बघ, पंखे काम करतात. ते काम रात्रीच्या गार हवेनं केलं होतं. तिथे थांबून अंधार असेपर्यंत पुढचा घाट कसा गाठायचा याचा विचार करायला हवा होता. पुढे जुलवानियाजवळ मागचं टायर फुटलं, त्यात पहाटेचे चार तास गेले. खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडला तेव्हा ऊन चढलं होतं. धामनोद ओलांडलं तेव्हा केबिनचा पत्रा हाताला चटके देत होता. निमाडातला एप्रिल ज्यानं सोसला आहे त्याला वेगळं सांगायला नको.

गुजरी सोडली की आग्रा-मुंबई रस्ता विंध्याला लागतो. नर्मदेकाठापासून माळव्याच्या पठारापर्यंत चारेकशे मीटरची चढण आहे, आणि तिचा बराचसा भाग या एका घाटात येतो. तेव्हा तिथे जुना दुहेरी रस्ता होता, आजचा चौपदरी झाला नव्हता. दुपारचे साडेबारा. पुढे उसाची ट्रॉली, मागे ट्रकांची रांग, आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. वारा आमच्या पाठीमागून येत होता, आमच्याच वेगानं. म्हणजे रेडिएटरवर समोरून काहीही येत नव्हतं. जे काही व्हायचं ते माझ्या दोन पंख्यांनीच करायचं होतं.

सुई लाल पट्ट्यात गेली. ड्रायव्हर म्हणाला, ‘भाऊसाब, रोक लूँ?’ मी म्हणालो, थांबू नकोस, वर पोचलो की वारा लागेल. सुई लाल पट्ट्याच्या टोकाला टेकली. मी पुन्हा तेच म्हणालो. आणि मग, मानपूर तीन-चार किलोमीटरवर राहिलं असेल, सुई थरथरली आणि खाली उतरू लागली. अर्ध्यावर आली. अर्ध्याच्याही खाली आली.

‘गिर गई सुई,’ तो म्हणाला.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी रेडिएटरमधलं पाणी जवळजवळ संपलेलं होतं. तापमान दाखवणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवर पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उकळून निघून गेलं की तो वाफेत आणि हवेत उघडा पडतो, आणि सुई खाली येते. इंजिन आत लाल होत असतं आणि काटा सांगतो गार झालं. मी हे वाचलेलं होतं, कारखान्यात दुसऱ्यांना सांगितलेलं होतं. मला जे हवं होतं ते डोळ्यांना दिसलं म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला, आणि गाडी आणखी दोनेक मिनिटं चढत राहिली.

मग आवाज बदलला. इंजिन कोरडं, खडखडीत वाजू लागलं, ताकद गेली, मागून पांढरी वाफ आली. ड्रायव्हरनं कडेला घेऊन गाडी उभी केली, मी उतरून मागच्या चाकांना दगड लावले. पाण्याचा कॅन काढला. आणि मी त्याला म्हणालो, ‘टोपण उघड, पाणी घालू.’

रेडिएटरचं टोपण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि जे काही पाणी उरलेलं असेल ते तत्क्षणी उकळून वाफेसकट बाहेर उसळतं. त्यानं हातात फडकं घेतलं होतं. मी सांगितलं म्हणून त्यानं टोपण फिरवलं. तो ओरडला आणि मागे पडला. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत, आणि गळ्याची एक बाजू. मागून येणाऱ्या टेम्पोतून मी त्याला मानपूरला पाठवला, तिथून इंदूरला. मी त्याच्याबरोबर गेलो नाही. द्राक्षं होती, गाडी घाटात उभी होती, म्हणून मी मागे राहिलो. या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत जास्त सलते ती ही.

मागे राहून मी काय केलं? वीस मिनिटांनी तापलेल्या इंजिनात कॅनमधलं गार पाणी ओतलं. आतून ‘टक’ असा एक आवाज आला. हेडला तडा गेला होता.

संध्याकाळी धारहून आतेभाऊ दुसरी गाडी घेऊन आला. त्यानं एक शब्द विचारला नाही. खोकी बदलून भरली, माल दुसऱ्या दिवशी मंडीत गेला, निम्म्या भावात गेला, आणि उरलेल्या रकमेचं मी देणं लागलो. गाडी ओढत धारला नेली.

तिथे त्यानं मला जे दाखवलं ते मी कोणत्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. आधी रेडिएटर काढून त्याच्यामागे दिवा धरला. जाळीचा खालचा तिसरा हिस्सा अंधारा होता. आश्विनात आमच्याकडे सोयाबीनची मळणी होते, हवेत भुसा उडतो, तो जाळीत जाऊन बसला होता आणि वर डिझेल-धुळीचा थर. म्हणजे पंखे बसवले तेव्हाच रेडिएटर दोन-तृतीयांश उरला होता. मग नवं हेड बसल्यावर, माझे पंखे सुरू करून त्यानं जाळीच्या दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्राचं पान धरलं. दोन गोलांपुढे पान फडफडलं. कोपऱ्यांत ते गप्प लोंबत राहिलं. मल्टिमीटर लावला. अल्टरनेटरपाशी १३.६ व्होल्ट, मोटरीच्या टोकाला ११. बाकीचे २.६ व्होल्ट माझी वायर आणि तो गंजका बोल्ट खात होते. शेवटी त्यानं माळ्यावरचा पंखा मागवला, कड्यासकट बसवला, आणि तेच पान पुढच्या जाळीवर धरून हात सोडला. पान जाळीला चिकटून राहिलं, चारही कोपऱ्यांसकट.

पुढे काही वर्षांनी पिथमपूरला एका मोटारींच्या कारखान्यातल्या इंजिनिअरशी ओळख झाली. त्यानं मला पाठीमागचा हिशेब शिकवला. इंजिनात जळणाऱ्या डिझेलचा मोठा हिस्सा पाण्याच्या वाटेनं बाहेर पडतो. माझ्या गाडीसारखी गाडी पूर्ण ताकदीनं चढत असेल तर साधारण चाळीस किलोवॉट. दोन किलोवॉटच्या वीस शेगड्या एकदम पेटवल्या तर जेवढी धग निघेल, तेवढी त्या जाळीतून सतत बाहेर काढायची. त्यासाठी दर सेकंदाला दीडेक घनमीटर हवा लागते. माझे दोन पंखे, सरळ बसवले असते, जाड वायर असती, तरी त्याच्या आसपासही पोचले नसते. डिझेल वाचवायचा रस्ता होता. मोठ्या गाड्यांत पंख्याच्या मधोमध सिलिकॉन तेल भरलेलं कपलिंग असतं, पुढे दोन धातूंची पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वाकते, तेल आत सुटतं आणि पंखा धरला जातो, निवली की सुटतो. मी जे भंगारातून करायला निघालो होतो ते लोकांनी आधीच नीट करून ठेवलं होतं. विचारलं असतं तर कळलं असतं.

तीन महिन्यांत गाडी नऊ हजार किलोमीटर चालली. लिटरला ९ ची सरासरी सगळी खरी धरली तरी वाचलं शेहेचाळीस लिटर डिझेल. हेड, गॅसकेट, मजुरी, दवाखाना, द्राक्षांचं देणं आणि अठ्ठावीस दिवस उभी राहिलेली गाडी, यांचा आकडा मी वहीत त्याच पानावर लिहिला, त्या दोन रेघांच्या खाली. तो फेडायला दीड वर्ष लागलं. पत्नीच्या दोन बांगड्या गेल्या, त्या परत करता आल्या नाहीत.

ड्रायव्हरचा हात पाच महिन्यांनी बरा झाला. तीन महिने मी त्याला पगार दिला. पुढचे दोन महिने देऊ शकलो नाही, आणि तसं सांगायला मी त्याच्या घरी गेलो नाही, निरोप पाठवला. तो परत माझ्याकडे कामाला आला नाही, बसवर लागला. २००६ च्या दिवाळीनंतर मी सोनकच्छला गेलो. त्याच्या आईनं पाणी दिलं. मी म्हणालो, टोपण उघडायला मी सांगितलं होतं, चूक माझी होती. त्यानं मान हलवली. हाताची तिसरी आणि चौथी बोटं त्याला पुरती मिटता येत नाहीत, स्टिअरिंग तो तळव्यानं धरतो. निघताना त्यानं एवढंच विचारलं की गाडीला जुना पंखा परत लावला की नाही. लावला, मी म्हणालो.

घाटातल्या त्या रस्त्याला आता ५२ क्रमांक मिळाला आहे, आणि तिथे चौपदरी वाट आहे. मी गाडी विकून बारा वर्षं झाली. तरी देवासमध्ये मुलं येतात, पिकअपला नाहीतर ट्रॅक्टरला विजेचा पंखा बसवायचा म्हणतात, मी कधीतरी तसं केलं होतं असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. मी त्यांना माझी वही दाखवतो. बसवूच नका असं सांगत नाही, कारण त्यांच्यातला एखादा माझ्यापेक्षा शहाणा असेल. जाळीला चिकटणाऱ्या कागदाची गोष्ट मात्र प्रत्येकाला सांगतो.

आणि जे कुणी हे वाचत असतील त्यांना एक विनंती. चढावर गाडी तापली आणि सुई एकाएकी खाली आली, तर इंजिन तिथेच बंद करा. वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवेपर्यंत टोपणाला हात लावू नका, आणि दुसऱ्या कुणालाही लावू देऊ नका.